माहेरच्या अळ्या

"वैनी, सरका बाजूला. पंप भरलाय मी."

हंबीरराव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दोघा भावांच्या निम्म्या-निम्म्या उसामधल्या बांधावर उभा होता. त्याची भावजय कालिंदी आपल्या उसाच्या पहिल्याच सरीत, त्याच्या समोर. पानांखाली लोकरी मावा दाट बसला होता. त्याची पांढरी लोकर तिच्या केसांना, पदराला चिकटली होती.

"सरत न्हाय. तुमच्या निम्म्यात मारा काय मारायचं ते. हिकडं माझ्या अळ्या हाईत."

"ऐकलंस का आई? माव्यावर अळी बी पडलीया, आन ही म्हणती माझ्या!"

सासू बाळाबाई बांधावरचे गवत कापत होती. "लोकांच्या सुना माहेरनं लाडू आणत्यात. हिनं शाहूवाडीसनं अळ्या आणल्या."

कालिंदीने एक पान उलटले. लोकरीत पातळ जाळी होती. तिने ती बोटाने सारली. आत एक हिरवट अळी मावा खात होती. ही अळी उसाला तोंड लावत नाही. पुढे तिचा बारका राखी पतंग होतो आणि तोही माव्यातच अंडी घालतो.

"गेल्या साली मारलं की औषध. मावा परत आला, अळ्या न्हाय आल्या. मग माव्याला खायचं कुणी?"

"ऊस वाळला तर दादा मला इचारंल."

"तुमच्या दादांनी औंदा ह्या उसात पाय ठिवलाय व्हय? पाणी मी पाजलंय. इचारायचं तर मला इचारा."

त्याने नळी तिच्याकडे वळवली. "अंगावर उडंल."

"उडू दे की."

बाळाबाईचा विळा थांबला. "आरं, येडा का खुळा? सून हाय ती घरची, मावा न्हाय!"

हंबीरराव पाय आपटत आपल्या निम्म्यात गेला आणि फवारू लागला. वारा पश्चिमेचा होता. औषधाचा फवारा बांध ओलांडून कालिंदीच्या उसात आला. कडेच्या सऱ्यांतल्या अळ्या जाळीतून गळू लागल्या. वाऱ्याच्या पुढे राहून ती जिवंत अळ्यांची पाने तोडत गेली, लांबच्या कोपऱ्यात नेऊन बाभळीच्या काट्याने माव्याच्या पानांना टाचत गेली.

"वैनी, अशानं किती वाचवशीला?" हंबीररावाने पलीकडून हाक दिली.

"वाचतील तेवढ्या!"

उसाच्या पात्यांनी तिची मनगटे चिरली होती. तिने ती पदराला पुसली आणि पुढचे पान उलटले.