भिकूची पाठ

"माजी बैलं सोड," भिकू म्हणाला.

कोंडिबा गुडघाभर चिखलात उभा होता. नांगराची मूठ त्याच्या हातात, जुवाखाली बैलं भिकूची आणि खाचर तिसऱ्याच माणसाचं, कुशाबाचं.

"उद्या तुजंच धरतो म्हनलं न्हवं?"

"परवाबी उद्याच म्हनला हुतास. रोप पिवळं पडाय लागलं माजं. सोड."

"आन् औत कोन धरनार? तू?" कोंडिबा हसला. "पाठीचं टाकं वाळून साल झालं, पर तुजी नाटकं काय सरत न्हाईत गड्या."

भात लावणाऱ्या बाया इरल्याखाली माना घालून हसल्या. भिकूनं वाकायचं टाळत, काठीवर भार देऊन बैलं सोडवली आणि घराची वाट धरली.

ही बासष्ट सालच्या आषाढातली गोष्ट. मुळशीच्या खोऱ्यात पाऊस असा लागलेला, की समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नव्हता. भिकू तेव्हा बावीस वर्षांचा. आदल्या उन्हाळ्यात कोंडिबाच्या नव्या घरावर आढं चढवताना पलीकडची दोरी निसटली आणि सगळा भार भिकूच्या पाठीवर आला. खाली कोंडिबा होता. भिकूनं अंग काढलं असतं तर कोंडिबा चेपला असता. त्यानं काढलं नाही.

पुण्याच्या दवाखान्यात पाठीचं आपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचले, पण कळ लवकर जायची नाही, कदाचित पुरती जायचीच नाही. तेव्हा खाटेपाशी बसून कोंडिबानं भिकूच्या आईचा, धोंडाबाईचा हात धरला होता. "मावशे, रानाचा घोर लावून घिऊ नगंस. आदी तुजं, मग माजं."

वरून बघाल तर भिकू धडधाकट. तेच त्याला नडलं. मोडका हात गळ्यात बांधलेला दिसतो, पाठीतली कळ कुणाला दिसते? जरा वाकलं की कमरेत निखारा पडायचा आणि टाचेपर्यंत जाळत जायचा. कळ आली की तो गोठ्यात जाऊन घोंगडीचं टोक दातात धरी. म्हातारीला कळू नये म्हणून.

बैलं आणली तशी त्यानं आईचं जुनं लुगडं कमरेला करकचून आवळलं आणि आपल्या खाचरात औत जुंपलं. धोंडाबाई आडवी आली. "आरं, मरशील."

"मग लावनी कोन करंल आये?"

फाळ ढेकळात अडकला की हिसका थेट मणक्यात बसायचा. डोळ्यांपुढं अंधारी यायची. तो थांबायचा, बैलाच्या पाठीवर कपाळ टेकायचा, परत मूठ धरायचा. अर्धं खाचर चिखलून झालं तेव्हा बांधावरून एक इरलं उतरलं. कोंडिबाची बायको, लीलाबाई. तिनं रोपाची मूठ घेतली आणि मागून लावत येणाऱ्या धोंडाबाईशेजारी वाकली.

"लीले, नवऱ्याला ठावं हाय का?" धोंडाबाईनं विचारलं.

"न्हाई." ती लावत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "भावजी, आतल्या आत लई दिस जळतंय. सांगून टाकते. त्ये गावात तुमाला नाटकी म्हनत्यात. घरात मातुर म्हनत्यात, भिकूचं दुखनं खरं हाय. पर खरं म्हनलं तर जल्मभर त्याचं औत माज्या गळ्यात पडंल."

भिकूचा हात नांगराच्या मुठीवरच राहिला. आजवर तो मनाशी म्हणत आला होता, कोंडिबा अडाणी हाय, त्याला समजत न्हाई. एवढ्या एका आधारावर त्यानं सगळं गिळलं होतं. आज तो आधारही गेला.

"बरं झालं सांगितलंस वैनी," तो म्हणाला आणि बैलांना हाळी दिली.

घटकाभरात कोंडिबा आलाच. "लीले, घरला चल."

"येवडी मूठ सपली की येते."

कोंडिबानं भिकूकडं बघितलं. भिकूनं नांगराचं तास पुरं केलं, बैलं थांबवली, कमरेचं लुगडं सोडलं आणि अरुंद बांधावर पालथा पडला. पावसाचं पाणी पाठीवरच्या वणावरून वाहत होतं. मग तो कण्हला. मोठ्यानं, उघड्यावर, पहिल्यांदाच. खालच्या, कुशाबाच्या खाचरातल्या बाया ताठ उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही.

भिकू बाजूला होईल म्हणून कोंडिबा थांबला. जायची वाट तीच होती, आणि आडव्या पडलेल्या माणसाला ओलांडून जात नाहीत. भिकूनं पाय आखडले नाहीत, की मान वळवली नाही. शेवटी कोंडिबानं धोतर वर खोचलं, मांडीभर चिखलात उतरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला वळसा घालून गेला.