जहाजाचा कापूस

डोक्यावर हात ठेवून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर मला चुलीत घाला! तो कापूस तरी मी स्वतः चुलीत घातला होता, चांगला मूठभर. निखाऱ्यावर पडून राहिला बापडा. ना धूर, ना वास. चिमट्यानं काढला तर जसा घातला तसाच पांढरा.

"अवं माय!" मंगला, माझी धाकटी जाऊ, मागं सरकली.

"म्या म्हनलं नव्हतं?" भगवंतराव मुकादमानं तंबाखू गालात सारली आणि माझ्या सारवलेल्या अंगणात पचकन थुंकला. "जहाजाचा कापूस हाय, वयनी. तिथं बॉयलरले गुंडाळतेत. तुमच्या बाळंतिणीच्या बाजेले एक नंबर!"

हा मुकादम आमच्या रामाकोन्यातून, तिकडं तिगावातून माणसं उचलायचा आणि मुंबईच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायला न्यायचा. माझ्या दिराला, मंगलाच्या नवऱ्याला उत्तमला, त्यानंच नेलं होतं. बावीस वर्षांनी, म्हणजे पंच्याऐंशी साली, उत्तम परत आला तो खोकला घेऊनच. त्या दिवशी तो टीबीची सुई घ्यायला सौंसरच्या दवाखान्यात गेला होता, आणि इकडं मुकादम नवे पोट्टे शोधत आमच्या दारात. हातात पोतं. भेट म्हणून!

उत्तमची लेक इंदू बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. बाळंतिणीला बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. मंगलाच्या माहेरी एकदा ठिणगी उडून अशीच गादी पेटली होती. मग न जळणारा कापूस फुकटात भेटला तर कोण सोडेल?

माझा जन्म कापसात गेला. बोटांत ओढून पाहिला. धागा लांब, पण कोरडा, टोचरा.

"काहून हो, सरकी नाही यात?"

"समुद्रात कोन पेरते सरकी, वयनी?"

तो हसला. मीही हसले. त्या हसण्याची आता शिसारी येते मला.

दुपारी आम्ही दोघींनी गादी भरली आणि काठीनं झोडपून सारखी केली. घरभर भुकटी झाली. पाण्याच्या गुंडात पडली, वरणात पडली, भाकरीचा घास दाताखाली करकर वाजला. अंगाला अशी खाज सुटली की मंगला कुडाला पाठ घासून राहिली होती, म्हशीसारखी. तरी आम्ही खुश! इंदूला आणि बाळाला गादीवर निजवलं, खाली शेगडी सरकवली.

तेवढ्यात उत्तम सौंसरच्या मोटारीतून उतरून घरी आला. छपराच्या कवेलूच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट बाजेवर पडली होती, आणि त्या तिरिपीत भुकटी तरंगत होती. खाली बसायचं नावच घेत नव्हती. तो दारातच थबकला.

"हे... कोनं आनलं?"

"भगवंतरावांनी. जळत नाही, भाऊजी! दाखवू का?"

त्यानं ऐकलंच नाही. बाळ उचललं, बाहेर नेलं, मंगलाच्या हातात दिलं. इंदूला दंडाला धरून बाहेर काढलं. मग खांबाला टेकून कितीतरी वेळ नुसता श्वास गोळा करत राहिला.

"जहाजाच्या पोटात... हेच खरवडत होतो, वयनी. बलबच्या उजेडात... असंच दिसे." परत थांबला. "सात जनं होतो. पाच गेले. खोकूनच."

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. कसली टीबी अन् कसलं काय! बावीस वर्षं हा माणूस जे गिळत होता, तेच आम्ही हौसेनं त्याच्या नातवाच्या अंगाखाली अंथरलं होतं.

जाळावं तर ते जळेना. नदीत टाकावं तर गाव तेच पाणी पितं. उत्तमनं गादीवर दोन बादल्या पाणी ओतलं, ती वावराच्या बांधावर ओढत नेली आणि खड्डा खणायला लागला. कुणाला हात लावू देईना. दोन कुदळी मारायच्या, बसायचं. परत दोन. छातीतून आवाज असा, जसा गंजलेल्या कुलपात किल्ली फिरून राहिली. जे थुंकायचा ते पायानं माती ओढून झाकायचा, आम्हाला दिसू नये म्हणून.

ऊन कललं तेव्हा खड्डा झाला. गादी आत गेली. तेवढ्यात मुकादम तंबाखू चघळत आला.

"काय बे उत्तम, एवढा चांगला माल मातीत घालून राहिला? मी म्हन्तो, बिडी सोड. खोकला जाईन तुहा!"

उत्तमनं जन्मात बिडी ओढली नव्हती. तो कुदळ टेकून ताठ उभा राहिला आणि अख्ख्या वावराला ऐकू जाईल असा गरजला, "मुकादमा, हाच कापूस तुह्या मालकाच्या उशीत भर! त्याच्या लेकीच्या बाजेवर अंथर! वरनातून खाऊ घाल त्याले, नाकातून पाज! बावीस वर्सं पाज, आन् मंग ये मले सांगाले का बिडी सोड म्हनून!"

आता शपथ घेऊन बसले आहे, म्हणून एवढं कबूल करते. हे बोलणं माझं आहे. तो असं बोलेल म्हणून मी बांधावर उभी राहून वाट पाहिली, पण एवढं बोलायला त्याच्या छातीत वाराच नव्हता. पोत्यात उरलेला कोरडा कापूस तो खड्ड्यात लोटत होता आणि भुकटी मुकादमाच्या बाजूला उडत होती. तोंडावर दुपट्टा दाबून उत्तम एवढंच म्हणाला,

"तिकडे व्हा, भगवंतराव. नाकात जाईन."