दस्त्याला काय लावायचं?

मी एका ठासणीच्या बंदुकीचा लाकडी दस्ता आहे, मित्रांनो. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण जुने असतात, अडगळीत पडून उसासे टाकत असतात. मी तसा नाही. माझी नळी जुनी, घोडा जुना, मी तेवढा नवा. माझा अजून एकच शिमगा झालाय आणि दुसरा तोंडावर आलाय. पण त्या एका शिमग्यात मी जे बघितलं, ते माझ्या नळीनं आधीच्या तीन पिढ्यांत बघितलेलं नव्हतं.

दाभोळच्या खाडीकाठी आमची वाडी. माझा मालक आत्माराम. बंदूक शेतीच्या परवान्याची, काजूच्या बागेतली माकडं हाकायला घेतलेली. माकडं तिला चांगली ओळखतात, म्हणून घाबरत नाहीत. पण शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, येऊन बसली की पहिला बार काढायचा मान आत्मारामच्या घराचा. या मानावर आत्माराम जगतो. मासळी आटली, होडी विकली, गुडघे गेले, मान तेवढा शिल्लक राहिला.

माझ्या आधीच्या दस्त्याला वाळवी लागली होती. वरून गुळगुळीत, आत नुसता भुसा, गावातल्या काही मानकऱ्यांसारखा. ऐन बार काढताना तो आत्मारामच्या हातात मोडला आणि नळी पालखी नाचवणाऱ्या एकाच्या पायावर पडली. तो अजून लंगडतो. त्याच दिवशी गावची बैठक बसली. मुख्य गावकर हरिश्चंद्र म्हणाला, "आत्माराम, पुढच्या शिमग्याला बार नीट निघाला नाय, तर मान रावजीकडं."

रावजी म्हणजे आत्मारामचा सख्खा चुलतभाऊ. दोघांची विहीर एक, कुंपण एक आणि तोंडं दोन दिशांना. तो मागून म्हणाला, "दादा, तुमी काय काळजी करू नका. माझी बंदूक तेल लावून तयारच हाय."

झालं! परसातला फणस आडवा झाला. त्याच्या बुंध्यातून बाबल्या मिस्त्रीनं मला काढलं. बाबल्या जन्मभर होड्या बांधणारा. आता सगळ्यांना फायबरच्या होड्या हव्यात, म्हणून हाती येईल ते तो होडीसारखंच घडवतो. माझ्या बुडाला होडीच्या नाळेसारखा, पुढच्या टोकासारखा बाक आलाय तो त्यामुळेच. त्यात फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक दिसतं. मला पहिल्यांदा पाहून रावजी कुंपणावरून ओरडला, "दादा, बंदुकीला हळद लावलीत काय? लगीन कुणाबरोबर?"

आत्मारामच्या मस्तकात गेलं. आता माझ्या अंगाला असं काहीतरी लावायचं होतं, की वाळवी जवळ येणार नाही आणि रावजीचं तोंड बंद होईल. मित्रांनो, माझे हाल इथून सुरू झाले.

पहिला मान आत्मारामच्या मुलाला मिळाला. गौरव मिरजोळ्याला एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला आहे. तो पॉलिशचा डबा घेऊन आला. "बाबा, आरशासारखा दिसंल. दाढी करा त्याच्यात." त्यानं खाडीच्या दमट हवेत, उघड्या पडवीत मला पॉलिश मारलं. सकाळी मी दह्यात बुडून वर आल्यासारखा पांढराफटक. बाबल्यानं काचेच्या तुकड्यानं मला खरवडून काढलं. माझ्या जागी तुम्ही असतात, तर बोंब मारली असती. मला तोंड नाही.

मग आत्मारामनं स्वतःची अक्कल चालवली आणि माशाचं तेल फासलं. ते होडीला लावतातच. मला उन्हात वाळत ठेवलं आणि वाडीतली यच्चयावत मांजरं माझ्या अंगावर. चाटून चाटून त्यांनी माझी कड झिजवली. एक बोका तर माझ्यावर हक्क सांगून तीन ठिकाणी खूण करून गेला. परत सोड्यानं धुणं, परत काच.

आत्मारामची बायको जनी चुलीपुढून म्हणाली, "अवो, जवसाचं तेल आणा न् फडक्यानं चोळा. हातात धरायची वस्तू हाय ती."

"रावजी जवसाचंच लावतो."

"मग?"

"मग काय? त्यानं लावलेलं मी लावू?"

असं जवसाचं तेल बाद झालं. शिमगा आठवड्यावर आला तेव्हा आत्माराम काजूच्या टरफलांचं तेल घेऊन आला. मित्रांनो, कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे तेल ठाऊक असतं. कातडीला लागलं की फोड आलाच. पण होडीच्या तळाला ते फासलं की किडा लागत नाही, पाणी शिरत नाही. आत्मारामनं ते आयुष्यभर फासलेलं.

जनी उठून बाहेर आली. "नका लावू. तोंड भाजंल."

"मेली सारखी आडवी येते! पन्नास वर्षं होडीला लावतोय. होडी कधी बोंबलली काय?"

"होडीच्या बुडाला कुणी गाल लावून निजत नाय!"

हे बोलणं इतकं शहाणपणाचं होतं, की आत्मारामला ऐकणं शक्यच नव्हतं. त्यानं हाताला फडकं गुंडाळून मला पोटभर तेल पाजलं. खोटं कशाला बोलू, मी काय देखणा झालो! काळाभोर, आतून तांबूस झाक. वाळवी सोडा, माशी बसेना. बाबल्यासुद्धा म्हणाला, "नवरदेव दिसतो हो!" रावजीनं कुंपणावरून बघितलं आणि तो स्वतःची बंदूक पुसायला घरात पळाला. आत्माराम त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवला. फक्त एक गोष्ट होती. मी वाळलो नव्हतो. बोट टेकलं की ठसा उठत होता.

पालखी सहाणेवर आली. ढोल थांबले. फाल्गुनातलं ऊन, अंगाला घामाच्या धारा. खरं तर बार आभाळातच काढायचा, बंदूक कशीही धरली तरी चालते. पण रावजी बघत होता ना! आत्मारामनं मला खांद्याला लावलं, गाल माझ्यावर घट्ट दाबला, एक डोळा मिटला आणि घोडा ओढला.

धडाम! वाडी हादरली, नारळावरचे कावळे उडाले. असा बार बापजन्मात कुणी ऐकला नव्हता. मान वाचला, मित्रांनो.

आता आत्माराम मला खाली घ्यायला गेला. मी येईना. गाल चिकटला, अर्धी मिशी चिकटली, दोन्ही तळवे चिकटले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात. मी चावतही होतो आणि सुटतही नव्हतो. त्यानं हिसका दिला, मी सुटलो, मिशी माझ्याकडे राहिली. "आई आई गं!" करत तो एका पायावर नाचला, मग दुसऱ्यावर. गाल टम्म फुगला, डोळा बंद झाला.

"आली! देवी आली अंगात!" कुणीतरी ओरडलं.

ढोल पुन्हा सुरू झाले. हरिश्चंद्रनं नारळ फोडला. हौसा म्हातारी पुढे झाली आणि तिनं पाय धरले. "आये, माझा नातू बोटीवर नोकरीला कधी लागंल?"

"पाणी! पाणी घाला!" आत्माराम किंचाळला.

"पाण्यावर जाईल म्हणते!" हौसा रडायला लागली आनंदानं.

जनी खोबरेल घेऊन गर्दीत शिरायला बघत होती. बायांनी तिला धरून ठेवलं, देवीच्या अंगाला हात लावतात काय म्हणून. नाचून नाचून आत्माराम आडवा झाला, तेव्हा कुठे तिला वाट मिळाली.

पालखी देवळात परतली तशी बैठक बसली. आत्माराम भोपळ्याएवढं तोंड घेऊन बसला होता. हरिश्चंद्रनं निर्णय दिला, "मान कायमचा आत्मारामच्या घरात. देवीनं कौल दिला. पण जसं घडलं तसंच दरसाल घडायला पायजे. तेच तेल, ओलं असताना, आणि गाल टेकून. मोडता घालायचा नाय."

आता दुसरा शिमगा चार दिवसांवर आलाय. काल आत्माराम कुंपण ओलांडून रावजीच्या दारात गेला. मी त्याच्या काखेत होतो. "रावजी, घे बाबा हा मान. तुझ्या बंदुकीनं काढ बार."

रावजीनं दोन्ही हात जोडले. त्याचा चेहरा इतका भाविक मी कधी बघितला नव्हता. "दादा, काय बोलताव! देवी तुमच्या अंगात येते. आमची कुठं लायकी? मी उभा राहीन ना पुढं, नारळ घेऊन."

तर मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे. लाकडाला काय लावायचं ते आधी एका तुकड्यावर लावून बघा, तो वाळू द्या आणि तो तुकडा आधी स्वतःच्या गालाला लावा. शेजाऱ्याचं तेल चांगलं असेल, तर शेजाऱ्याचंच लावा. आम्हा लाकडांना मान कळत नाही. आम्हाला लावाल ते आम्ही धरून ठेवतो.

आत्ता पडवीत आत्माराम माझ्या अंगाला तेच तेल चोळतोय. हरिश्चंद्र आणि चार गावकरी समोर बसून ओलं आहे ना ते बघतायत. जनी दारात उभी आहे. ती एवढंच विचारते, "अवो, या वर्षी कुठला गाल?"