जनूच्या धक्क्यावर

बदलापूर गावातला नदीकाठ आणि त्याला लागून असलेली जुनी बाजारपेठ नव्याने उभी करायचं ठरलं, तेव्हा मोजणी आणि नकाशांचं काम हिमानीकडे आलं. ती आर्किटेक्ट होती, बदलापूरच्याच कात्रप भागात वडलांबरोबर राहायची. आयुष्य बदलापुरात गेलं, तरी नदी तिने जवळून कधी पाहिली नव्हती. वडील, शरदचंद्र, तिला तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. शाळेची सहल नदीवर निघाली की त्या दिवशी तिला हमखास घरी ठेवून घ्यायचे.

पेठेतले निम्मे गाळे बंदच असायचे. उरलेल्यांत एक शिंपी, दोन किराणावाले आणि पितळेची भांडी उजळणारा एक म्हातारा. पेठ संपते तिथे दगडी धक्का होता. पूर्वी तिथे जनूची होडी लागायची. हिमानीच्या नकाशात त्या धक्क्यावर भराव घालून बाकं आणि दिवे येणार होते. धक्क्याला लोक जनूचा धक्का म्हणत. कडेला ताडपत्रीखाली त्याची बायको तुळशी सुके मासे विकायला बसायची.

भाद्रपदातली दुपार. पाणी चढलेलं, गढूळ. हिमानीने टेपचं एक टोक धरलं होतं, दुसरं सहकारी उन्मेषकडे. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली.

"होडी आणा होऽ!"

हिमानीने मान वर केली. पलीकडे करंजाची झाडं, पाण्यात वाकलेलं गवत. माणूस कुठेच नाही.

"उन्मेष, कोण ओरडलं?"

"कुठे काय? टेप सोडू नका मॅडम."

पुन्हा हाक आली. या वेळी स्पष्ट, शेवटचा सूर वर चढून मधेच तुटलेला. हिमानी ओ देणार, तोच तुळशीने तिचा हात धरला.

"ओ देऊ नको, पोरी. पानी चढलं का येतंय त्यो. सगल्यांना नाय आयकू येत."

"कोण येतो?"

"कोन ते म्हायती नाय. मोठ्या पुराच्या दिवशी असाच कोनी हाकारला. माझ्या घरवाल्याने ओ दिली नि होरी घेऊन गेला. त्याला आनून सोरला, नि परत गेला बाकीच्या मानसांना आनायला. त्यो गेलाच." तिने बोंबलांवरच्या माश्या हाकलल्या. "आपल्यातला नाय त्यो. आपला असता तर होडी नाय, होरी बोलला असता."

हिमानीच्या हातातली टेप सुटली. सरसर आवाज करत ती उन्मेषकडे परत गेली. लहानपणी ती खाली खेळत असली की गॅलरीतून बाबा तिला अशीच हाक मारायचे. 'हिमानीऽ', आणि शेवटचा सूर असाच वर जाऊन तुटायचा. आवाज आजच्या थकलेल्या बाबांचा नव्हता, तेव्हाच्या बाबांचा होता.

संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिने विचारलं, "बाबा, तुम्ही उल्हास नदी होडीने कधी ओलांडलीत?"

शरदचंद्रांनी चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या टोकाने पुसत राहिले.

"एकदाच," ते म्हणाले.

तेव्हा ते शहाडच्या एका कारखान्यात अधिकारी होते. रजा काढून नदीपलीकडे एक प्लॉट बघायला गेले होते. पाणी वाढत चाललं होतं. पलीकडच्या गावातले लोक म्हणाले, शाळेत थांबा, शाळा उंचावर आहे. ते थांबले नाहीत.

"का?"

"घरी यायचं होतं. एवढंच." त्यांनी चष्मा परत घातला. "काठावरून हाक मारली, तो होडीवाला आला. एक शब्द न बोलता मला घेऊन आला. धक्क्यावर उतरलो तर विचारतो, पलीकडं आणखी कोण हाय का? मी पाठ फिरवली होती. चालता चालता म्हटलं, असतील."

"होते?"

"कुणी नव्हतं, हिमानी. सगळे शाळेत होते. मला माहीत होतं. मी नुसतं म्हटलं. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून."

दुसऱ्या दिवशी शरदचंद्र स्वतःहून चपला घालून तयार झाले. हिमानीने त्यांना रिक्षातून पेठेत आणलं. धक्क्यावर ते उभेच राहिले, बसले नाहीत. जे हिमानीला सांगितलं, ते सगळं त्यांनी तुळशीला सांगितलं. ती सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत ऐकत होती.

"कोनी नव्हता?" तिने विचारलं.

"कुणीच नव्हतं."

तिचे हात थांबले. "वीस वर्सं गाव सांगतंय, जनू मानसां वाचवाया गेला. माझ्या पोरींची लग्नां त्याच नावाव झाली."

शरदचंद्रांनी हात जोडले. ते तिला दिसले की नाही, कोण जाणे. ती पाण्याकडे बघत होती.

नव्या आराखड्यात धक्का तसाच ठेवायचा आणि तिथे जनूच्या नावाची पाटी लावायची, असं हिमानीने ठरवलं होतं. पण आता पाटीवर काय लिहायचं, ते तिला सुचेना. आठवड्याने तिने धीर करून तुळशीला विचारलं.

"गाव बोलतो तेच लिव," तुळशी म्हणाली. "मानसांसाठीच गेला त्यो. तिथं मानसां होती का नव्हती, त्याला काय म्हायती?"

मग जरा थांबून म्हणाली, "तुझा बाप येऊन गेला नि हाक बंद झाली. पानी दोनदा चढलं, नाय आली. लोकांना बरा वाटतंय. मला हाक आयकली का वाटायचा, आत्ता उठंल, वल्हा हातात घेईल. त्या घटकेला त्यो जिता असायचा."

हिमानी तिच्याजवळ बसली.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी काठ खुला झाला. पेठेत बंद गाळ्यांची दारं उघडली, कात्रपहून माणसं पोरांना घेऊन फिरायला येऊ लागली. मासे विकणाऱ्या बायकांना चिठ्ठ्या टाकून गाळे दिले. तुळशीला नदीकडे तोंड असलेला, सगळ्यांत मोक्याचा गाळा लागला. तिने तो दुसरीला दिला आणि रस्त्याकडचा घेतला.

शरदचंद्र दर बुधवारी तुळशीच्या गाळ्यावर जातात. दोघं फारसं बोलत नाहीत. निघताना ती कागदात बांधून सोडे देते, ते घेतात. त्यांच्या घरी मासे कुणी खात नाही. हिमानी ती पुडी शेजारी देऊन टाकते, आणि संध्याकाळभर तिच्या हाताचा वास जात नाही.