पुसलेला कीबोर्ड

जेवणाची सुट्टी झाली की राजारामपुरीतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत खर्ड्याचा वास दरवळायचा. सगळे एका टेबलाभोवती, रूपालीचा डबा मात्र खिडकीपाशी. तिकडं बस असं कुणी म्हटलं नव्हतं. इकडं ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. कसबा बावड्यातल्या बौद्ध वस्तीतली ती पहिली इंजिनिअर. आई तानूबाई कौतुकानं एक भाकरी जास्त बांधायची, "मैतरणींस्नी दे की." रूपाली ती घरी येताना वाटेत गाईला घालायची.

२००४ साली कंपनीला दर्जाचं प्रमाणपत्र हवं होतं. मालक सयाजीरावांनी कामाची पद्धत सुधारायचं तिच्यावर सोपवलं. तिनं नियम घातला: प्रत्येकाचं काम दुसऱ्यानं शेजारी बसून तपासायचं. चुका घटल्या, गिऱ्हाइकांचे रागाचे फोन थांबले. अडलं ते मालकांच्या भाच्यापाशी.

"जोतीरामदादा, दवाखान्याच्या प्रोग्रॅमचं काम तपासून घेऊया."

"आता तू माज्या चुका काढणार व्हय?"

ती बसली, चार कळा दाबल्या. तोच त्यानं तिला उठवलं आणि रुमालानं कीबोर्ड पुसला.

"धूळ लई झालीया वाटतं!" मागून कुणी खिदळलं.

सयाजीरावांनी पाहिलं आणि मान फिरवली. "ऱ्हाऊ दे गं. त्याचं सोडून बाकीच्यांचं बघ."

काम तसंच दवाखान्यात गेलं. त्यातल्या एका चुकीनं, पेशंटला कुठलं औषध सोसत नाही, ही सूचना पडद्यावर यायची बंद झाली. श्रुती नावाच्या बाळंतिणीला नको तेच इंजेक्शन दिलं गेलं. बाळ राहिलं, ती गेली.

ती बातमी कंपनीत पोचली, त्यानंतर प्रमाणपत्राचे तपासनीस आले. "सगळ्यांचं तपासतो म्हण. एवढंच की," सयाजीराव दारातच कुजबुजले.

"प्रत्येकाचं काम तपासलं जातं?" तपासनिसांनी विचारलं.

रूपालीनं दारातल्या सयाजीरावांकडं पाहिलं. ही नोकरी, ही पद्धत तिनं जिवापाड जपली होती.

"नाही साहेब. एकाचं राहिलं. मी तिथं बसले की कीबोर्ड पुसावा लागतो. त्यात एक आई गेली."

जेवणाच्या सुट्टीआधीच तिला घरी पाठवलं, कायमचं.

"लवकर आलीस? आन् डबा जड कसा?" तानूबाईनं विचारलं.

"आई, मैतरणी कधी नव्हत्याच गं."

तानूबाईनं ती जास्तीची भाकरी काढली, मोडली आणि लेकीशेजारी खायला बसली.

तिकडं श्रुतीचं बाळ वरच्या दुधाचा चमचा तोंडानं ढकलत रडत होतं. आपली आई कशानं गेली, असं ते मोठेपणी विचारील. त्याला कोण सांगणार, की एका रुमालानं?