मुसा तांडेलाचे हात

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उझमा होडेकरला प्रोफेसर म्हणून हाक मारणारा माणूस शोधून सापडायचा नाही. तिच्या केंद्रावर ‘व्यवसायोपचार’ अशी पाटी लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघे-तिघे धंद्याला कर्ज मिळतं का ते विचारायला आले. अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं, असा त्या शब्दाचा अर्थ. तिने पाटी उतरवून ठेवली. मग लोकांनीच तिचं नाव पाडलं, हाताची डॉक्टरीण. मुंबईच्या कॉलेजात मिळालेल्या सगळ्या पदव्यांपेक्षा तिला ते बरं वाटलं, कारण त्यात तिचं काम सरळ सांगितलेलं होतं.

मुंबईत शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. परदेशातल्या परिषदांची बोलावणी यायची आणि ही बाई सुट्टी मिळाली की रत्नागिरीची गाडी पकडायची. ट्रॉलरच्या यंत्रात बोटं गेलेला खलाशी इथे घरी बसला की कायमचा बसायचा. आंब्याच्या कलमावरून पडलेला गडी पडवीत आडवा झाला की कायमचा आडवा. डॉक्टर जीव वाचवत होते, पण वाचलेल्या जिवाने पुढे करायचं काय, ते सांगायला कोणी नव्हतं. शेवटी कॉलेजाशी भांडून तिने बंदराजवळ केंद्र काढलं, विद्यार्थ्यांना पाळीपाळीने इथे राहायला लावलं आणि आपणही इथेच मुक्काम टाकला. एका हाताने जाळं कसं शिवायचं, पाय गेलेल्या बाईने मासळी कापायला बसायचं कसं, हे तिने शिकवलं आणि त्यातलं निम्मं आधी स्वतः करून बघितलं.

तिचा एक नियम साऱ्या बंदराला ठाऊक होता. रुग्ण शर्टाच्या गुंडीशी झटत असला की घरच्यांनी आपले हात मांडीखाली घालून बसायचं. कितीही जीव तुटला तरी हात बाहेर काढायचा नाही. आपल्याकडे आजाऱ्याला घास भरवला नाही तर शेजारपाजार सुनेला नावं ठेवतो, त्यामुळे बायकांना हे जड जायचं. एकदोघी तर उझमाला दगडाच्या काळजाची म्हणून तोंडावर बोलून गेल्या होत्या. त्यांच्याच घरचा माणूस पुढे आपल्या हाताने गुंडी लावून बाजारात हिंडायला लागला, आणि मग त्याच बायकांनी बांगडे पाठवले. उझमाने ते मुकाट्याने खाल्ले. मऊ बोलणं तिला येत नव्हतं, आणि येत नाही याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

मुसा तिचा थोरला भाऊ. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट आणि तिच्यावरची माणसं सुखरूप परत आणायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर तो. बाप लवकर गेला. पोरीला मुंबईला शिकायला पाठवू नको म्हणून जमातीतल्या चार शहाण्यांनी मुसाचे कान भरले. मुसाने त्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. उझमाने जगातल्या कोणाला मानलं असेल तर या भावाला.

पावसाळा संपून बोटी बाहेर पडायच्या दिवसांत मुसाच्या हातून सुकाणू निसटायला लागलं. त्याने दोन्ही हात बहिणीपुढे धरले. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधली गादी खाली बसली होती आणि दंडाच्या कातडीखाली मांस आपोआप फडफडत होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला. तरी तिने त्याला कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने तिला बाजूला बोलावून तेच सांगितलं. मांस हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातील. आधी हात, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही.

घरी येऊन उझमा म्हणाली, “नसांची कमजोरी आहे. व्यायाम केला की हात येईल.”

असलं वाक्य तिने आजवर एकाही रुग्णाला ऐकवलं नव्हतं. या आजारात उरलेलं बळ जपून वापरायचं असतं, हात दमवायचा नसतो, हे ती दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहायची. पण तो फळा दुसऱ्यांच्या भावांसाठी होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती रोज जेवणाच्या वेळी भावाच्या घरी जायची, जाड मुठीचा चमचा त्याच्या हातात द्यायची आणि समोर बसायची. नसीमाभाभी, मुसाची बायको, नियमाप्रमाणे हात मांडीखाली घालून शेजारी बसायची. मुसा बिस्मिल्ला म्हणून चमचा उचलायचा. भात दाढीत सांडायचा, सार छातीवर ओघळायचं. अर्ध्या ताटावर त्याचा खांदा भरून यायचा आणि पोट भरलं म्हणून तो चमचा ठेवायचा. उझमा म्हणायची, “कालच्यापेक्षा बरं होतं.” कालच्यापेक्षा वाईट होतं.

एका सकाळी ती नव्या विद्यार्थ्यांना शिकवत होती. “रुग्णाचा हात बघायच्या आधी विचारा, तुम्हाला काय करायचंय?” ती समीक्षा नावाच्या पुढे बसलेल्या मुलीला म्हणाली. “आपल्याला काय करून घ्यायचंय ते नाही. त्याला काय करायचंय. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.”

“तुझ्या भावाला इचारलंस कधी?”

दारात नसीमा उभी होती. एरवी ती केंद्राच्या पायरीवर चप्पल काढून थांबायची, आज चपलेसकट आत आली होती.

“त्याचा सदरा बघ, दोघं मावतील त्यात,” ती म्हणाली. “तू शिकलेली, तू सांगतेस म्हणून मी माझे हात दाबून बसते, नि त्याचं पोट लागलं पाठीला. आज न्याहारीला चमचा पडला तर तो रडला, उझमा. भर वादळात बोट बंद पडलेली तवाबी रडला नव्हता. मना येवढंच सांग, त्याचा हात येनार हाय का नाय?”

विद्यार्थी खाली बघत होते. उझमा पाठ फिरवून फळा पुसायला लागली. नसीमाने थोडा वेळ वाट बघितली आणि ती निघून गेली. न बोललेलं तिला कळलं होतं.

संध्याकाळी उझमा भावाच्या घरी गेली तेव्हा मुसा ओटीवर खुर्चीत बसला होता आणि नसीमा आत पेज ढवळत होती. उझमा त्याच्यासमोर बसली. मनात जुळवून आणलेली वाक्यं सगळी विसरली.

“भाई, मी खोटं बोलले. हात येणार नाही.”

“मना म्हायती हाय,” मुसा म्हणाला.

“कधीपासून?”

“कोल्हापूरच्या डॉक्टरनं तुला बाजूला नेलान, तवापासून. वारा फिरलेला तांडेलाला कोणी सांगाय लागत नाय.”

“मग इतके दिवस चमचा घेऊन का झटत बसलास?”

मुसा जरा हसला. “तू समोर बसायचीस गो. येवढी आशा लावून. तुझं मन कसं मोडू?”

उझमाने पदर तोंडावर घेतला आणि ती रडली. लहानपणी बापाच्या मयतीला रडली होती, त्यानंतर इतकं रडल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने भावाला उपाशी ठेवलं होतं आणि भाऊ तिचं मन राखायला उपाशी राहिला होता. नसीमा पेज घेऊन बाहेर आली. तिने नणंदेकडे बघितलं नाही, पण जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग नवऱ्याजवळ बसून तिने पेज फुंकून त्याला भरवली आणि मुसा पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवला.

नसीमा भांडी घेऊन आत गेल्यावर उझमाने डोळे पुसले आणि वर्गात शिकवायची तो प्रश्न विचारला. “भाई, तुला काय करायचंय?”

मुसा बराच वेळ बोलला नाही. ती गप्प बसली.

“मी बंदरावरनं पहाटं येवो, भर दुपारी येवो, तुझ्या भाभीची चाय तयार,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिनं आधी बसून कप तोंडाला लावलान, असं मी कधी बघितलं नाय. मना तिला एकदा चाय करून द्यायचीय. माझ्या हातची.”

“तुला येतो चहा?”

“पयल्यांदा बोटीवर चढलो तवा भांडारी होतो मी. सगळ्या खलाशांचं रांधायचो. तू काय समजतेस?”

उझमाने आयुष्यात माणसांना चालतं करण्याचे, कमावतं करण्याचे, पुन्हा दर्यावर पाठवण्याचे बेत आखले होते. कपभर चहासाठी इतकी जिवाची घालमेल तिने कधी केली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मुसा दुपारी रिक्षाने केंद्रात यायला लागला. नसीमाला सांगितलं, तपासणी आहे. जेवण भाभी भरवेल, गुंड्या ती लावेल, अंघोळ ती घालेल, मुसाने कशाला हात लावायचा नाही. त्याच्या अंगातलं सगळं बळ चहासाठी राखून ठेवायचं ठरलं.

शेगडी बुटक्या टेबलावर आणली. खटका फिरत नव्हता, त्याला लाकडी दांडी बसवली. दूध लहान वाटीत आधीच काढून ठेवायचं. हे जमतंय म्हणेपर्यंत बोटांची पकड आणखी गेली आणि टोप उचलेना. उझमाने टोप उचलणंच काढून टाकलं, कपावर गाळणी ठेवून पळीने चहा घालायचा. ते बसतंय तोवर खांदा पडला, पळी वर येईना. मग समीक्षाने आणि तिने मिळून जाळ्याच्या दोरीची रुंद झोळी विणली. छताला टांगलेल्या झोळीत कोपर ठेवलं की हाताचं वजन दोरीवर जायचं आणि मुसाला हात नुसता पुढे ढकलायला लागायचा. आजार रोज थोडा पुढे सरकत होता आणि त्या दोघी त्याच्यामागे धावत होत्या. उझमाला रात्री दचकून जाग यायची, उद्या पळीसुद्धा सुटली तर.

ती सुटायच्या बेताला आलीच. एके दिवशी मुसाने दोन वेळा पळी टाकली आणि तिसऱ्यांदा उचललीच नाही. उझमा म्हणाली, “भाई, आता थांबायचं नाही. उद्याच.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, उझमा बुटकं टेबल, दांडीची शेगडी आणि झोळी घेऊन भावाच्या घरी गेली आणि तिने झोळी स्वयंपाकघरातल्या छताच्या कडीला बांधली. नसीमा बघत राहिली. “ह्ये काय नवीन? माझ्या चुलीपाशी?”

“बस तू,” मुसा म्हणाला.

“बसते काय? चाय टाकायची येळ झाली.”

“म्हणून सांगतोय. बस.”

नसीमा भिंतीला टेकून खाली बसली, पण उकिडवी, उठायच्या तयारीत. मुसाने मनगटाने दांडी ढकलली आणि शेगडी पेटली. पाणी उकळलं. पत्ती घालताना निम्मी टेबलावर सांडली. साखरेची वाटी त्याच्या हातून कलंडली आणि सगळी साखर टोपात गेली. नसीमा उठायला गेली. उझमाने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि खरं तर स्वतः उझमालाच आपली बोटं आवरत नव्हती. त्या हाताने तिची पेटी गाडीत चढवली होती, त्याला आता वाटीभर दूध पेलत नव्हतं. तिला वाटलं, पुरे, मी ओतते, कोणाला काय फरक पडणार आहे. ती जागची हलली नाही.

झोळी पुढे गेली, मागे आली. पळी गाळणीवर पालथी झाली, थोडा चहा कपात गेला, थोडा बशीत. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मुसाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता. कप अर्ध्याच्या वर भरला तेव्हा त्याने पळी सोडली.

“घे,” तो म्हणाला.

नसीमाने कप उचलला आणि सवयीने आधी त्याच्याच तोंडाशी नेला. त्या घरात पहिला घोट त्याचाच असायचा. मुसाने ओठ मिटले आणि मान फिरवली.

“तू पी. बसून पी.”

आता ती मांडी घालून नीट बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. एकेक घोट घेत, घाई न करता, तिने सगळा चहा संपवला, आणि मुसा शेवटच्या घोटापर्यंत तिच्याकडे बघत होता. उझमा झोळी सोडायला पुढे झाली.

“साखर जास्त झाली,” नसीमा म्हणाली. मग तिने कप मुसापुढे धरला. “टोपात चाय उरली असंल तर आनखी घाल.”

लग्न झाल्यापासून नसीमाने नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं उझमाने ऐकलं नव्हतं. त्या खांद्यात दुसऱ्या कपाचं बळ उरलेलं नाही, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने सोडायला घेतलेली झोळीची गाठ पुन्हा आवळली.

मुसाने झोळी पुढे ढकलली आणि तो पळी शोधायला लागला.