लेबल टोचतं म्हणून

मी इस्त्री करत होतो. सून दारात उभी राहून फोनवर औषधवाल्याशी बोलत होती. मग आत येऊन तिने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"बाबा, आईंची बंडी आता आपल्याला शिवता येणार नाही. ती एका कंपनीच्या नावावर आहे."

मी म्हणालो, घर नावावर असतं, गाडी असते. बंडी कशी असेल?

आमच्या शिवणाच्या दुकानात आजाऱ्यांसाठी शिवलेल्या बंड्या या औषधवाल्याकडूनच विकल्या जायच्या. त्याला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली होती, की ही रचना आमच्या नावे नोंदलेली आहे आणि तुम्ही नकली माल विकताय. घाबरून त्याने आमचं नाव सांगितलं आणि उरलेल्या बंड्या परत पाठवल्या. पाठोपाठ तशीच नोटीस आमच्याकडेही आली. ही, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

बंडी म्हणजे काय ते सांगायला हवं. माझ्या आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा तिला कपडे घालणं हे घरातलं रोजचं संकट होतं. लुळा हात बाहीत घालताना ती कळवळायची. घरी येणाऱ्या नर्सबाई एकदा हिला म्हणाल्या, वहिनी, माणसाला कपडे घालायचेत की पोत्यात भरायचंय? हिने ते मनाला लावून घेतलं. जुन्या चादरी फाडल्या, शिवल्या, उसवल्या. शेवटी जमलं. एक बाजू खांद्यापासून कमरेपर्यंत उघडी, नाड्या सगळ्या पुढे, पाठीवर एकही शिवण नाही. आजाऱ्याला उचलायला नको, नुसतं कुशीवर वळवलं की बंडी अंगात जाते. त्यानंतर कपडे बदलताना आई कधी रडली नाही.

मग गल्लीतून, दवाखान्यातून बायका विचारत यायला लागल्या. ज्यांना परवडत नसे त्यांना ही कागदाचं कटिंगच देऊन टाकायची, घरी शिवा म्हणायची. मी कुरकुर केली की म्हणायची, "अहो, त्यात चोरून नेण्यासारखं काय आहे? धड बाहीसुद्धा नाही."

सुनेच्या ओळखीचा एक तरुण वकील होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमचं खरं आहे. पण खरं असून भागत नाही, दाखवावं लागतं. त्यांच्या नोंदणीच्या आधीपासून ही बंडी लोकांच्या वापरात होती असं दाखवलं, तर ती नोंदणी रद्द करा म्हणून आपल्याला मागता येतं. एखादी जुनी बंडी आणा. दुकानाचं लेबल असलेली."

लेबल कधी नव्हतंच. सुनेने एकदा निळी, चांगली छापून आणली होती. हिने लावू दिली नाहीत. म्हणाली, ज्याला कूस बदलता येत नाही त्याच्या अंगाखाली लेबल म्हणजे खडा. पुढे लावू म्हटलं, तर म्हणाली, कातडी पातळ झालेली असते, तिथेही टोचतं. जुन्या बंड्याही नव्हत्या. माणूस बरा झाला किंवा गेला की घरचे लोक बंड्या आणून द्यायचे. ही त्या उकळून, उसवून दुसऱ्याच्या मापाला लावायची. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच आजाऱ्याला सोसतं, असं तिचं म्हणणं. आणि फोटो म्हणाल तर अशा अवस्थेत माणसाचा फोटो कोण काढतं?

"म्हणजे काकूंनी पुरावा उकळून काढला," वकील म्हणाला आणि लगेच ओशाळला. मला राग आला नाही. ही असती तर हसली असती.

साक्षीदार मात्र होते. नर्सबाई आता निवृत्त झाल्यात, गुडघे गेलेत. तरी कठडा धरत आमचा जिना चढून आल्या. म्हणाल्या, "भाऊ, कोर्टात मी सांगते. पहिली बंडी तुमच्या आईंना मी माझ्या हाताने घातली. विचारू दे त्यांना काय विचारायचं ते. मी डॉक्टरांना घाबरले नाही, वकिलांना काय घाबरते."

सुनेला उभारी आली. वकील म्हणाला, दावा उभा राहील, पण वेळ लागेल आणि निकालाची खात्री कुणी देऊ शकत नाही. तेवढ्यात कंपनीने बोलणी करायला बोलावलं. शिवणं बंद करायचं, वाटलेली कटिंगं परत गोळा करायची, आणि आमची बंडी त्यांचा माल पाहून केली असं लिहून द्यायचं. मग ते भरपाई मागणार नव्हते.

सून म्हणाली, बंद करायचं तर करू, पण आईंनी पाहून केलं असं लिहायचं नाही. वकीलही तेच म्हणाला. त्या एका वाक्यावर अडून बसू, ते काढतीलही, तुम्ही फक्त घाई करू नका. मी मान हलवली.

त्यांच्या ऑफिसात काचेचं मोठं टेबल होतं. पलीकडे बसलेली माणसं उद्धट नव्हती. त्यांनी चहा दिला. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला सरळ विचारलं, "तुमच्या मिसेस काही शिकल्या होत्या का? डिझाइन वगैरे?"

मी नाही म्हणालो.

"मग हे त्यांना सुचलं कसं?"

सगळं सांगता आलं असतं. आई, चादरी, नर्सबाईंचं ते पोतं. सून माझ्याकडे बघत होती, वकीलही थांबला होता. पण कोर्टात हिचं नाव पुकारणार, अनोळखी माणसं हिच्याबद्दल असंच विचारत राहणार, आणि दरवेळी मला उभं राहून उत्तर द्यावं लागणार, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मला तिथून उठायचं होतं.

मी म्हणालो, "कुठेतरी पाहिलं असेल तिने."

मग त्या वाक्यावर अडायला काही उरलं नाही. मी सही केली.

बाहेर आल्यावर सुनेने मला पाणी विचारलं. त्या सहीबद्दल ती आजपर्यंत काही बोललेली नाही. आता दुकानात आम्ही उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवतो. काम आहे. ती मला अजून बाबाच म्हणते, वेळेवर जेवायला वाढते. बोलली असती तर बरं झालं असतं.

कटिंगं गोळा करायला मीच घरोघर गेलो. लोकांनी मुकाट्याने दिली. एका घरी विचारलं, वहिनींची आठवण म्हणून जमवताय का? मी हो म्हणालो. तिथल्या बाईंनी डोळे पुसले आणि कागदाच्या घड्या नीट करून दिल्या.

नर्सबाईंना यातलं काही माहीत नाही. सुनेला मी म्हटलं होतं, तू सांगून ये. ती म्हणाली, ते तुम्हीच सांगा. साक्षीला उभं राहता यावं म्हणून नर्सबाई रोज गुडघ्यांचे व्यायाम करतायत, असं कानावर आलं. त्यांच्याकडचं कटिंग आणायचं राहिलं आहे.